हनुवटी आणि श्वास

हनुवटीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कवींनी डोळ्यांवर लिहिले, ओठांवर लिहिले, केसांवर तर वह्याच्या वह्या भरल्या. हनुवटीच्या वाट्याला आला तो फार तर एखादा तीळ. रुसलेल्या नातवाचे तोंड वर करायचे झाले की आजी त्याची हनुवटी धरते आणि विचारात गढलेला माणूस तिला हाताचा टेकू देतो. एरव्ही तिची विचारपूस कोणी करीत नाही. मात्र तीच जरा पुढे आली किंवा मागे गेली की सगळ्या गावाला दिसते. त्यातून ती एखाद्या मुलीची असली म्हणजे विचारूच नका!

माझ्या मावसबहिणीची हनुवटी अशी पुढे आलेली होती. मावशीचे घर पेडणे तालुक्यात, कोरगावच्या बाजूला, आमचे डिचोलीला. मे महिन्याच्या आणि चतुर्थीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडे मावशीकडे जमत असू. ही माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आम्ही तिला बायताई म्हणतो. ती प्राथमिक शाळेत शिकवते आणि गावच्या महिला भजनी मंडळात पहिला आवाज तिचा. आवाज म्हणजे असा की पेडण्याच्या पुनवेला भगवतीच्या देवळापाशी केवढी गर्दी असते, पण तेथेही तिची तान ऐकू यावी. मावशी सांगते की हा जबडा आजोबांचा. आजोबांचे एकच छायाचित्र घरात आहे, पण त्यांना भरघोस दाढी होती, त्यामुळे पुराव्याला ते काही उपयोगी पडत नाही. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हा जबडा चालत आला आणि स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला (१६६१-१७००) त्यापायी घास नीट चावता येत नसे, असे मी वाचले होते. ते मी बायताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्याला निदान राज्य तरी होते!"

तिच्या बाबतीत अडचण केवळ दिसण्याची नव्हती. खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या कितीतरी पुढे. पेरूचा लचका तोडायचा तर बाजूच्या दाढांनी. 'स' आणि 'श' उच्चारताना हवा भलतीकडून निसटे आणि पहिलीतल्या पोरांना 'ससा' शिकवताना तिला घाम फुटे. पण घरात विषय निघाला तो 'स'मुळे नव्हे. एक स्थळ आले, मुलगी पाहून गेले आणि निरोप आला की मुलगी गुणी आहे, पण... त्या 'पण'पुढे कोणी काही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

मग सुरू झाली दवाखान्यांची वारी. एका खाजगी दवाखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) पाच मिनिटांत निकाल मिळाला. खालचा जबडा नऊ मिलिमीटर मागे ढकलायचा, की झाले. चेहरा कसा दिसेल त्याचे चित्र संगणकावर करून दाखवले. चित्र सुंदर होते. मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. ती तर तारीख ठरवूनच निघाली असती. पण काका, म्हणजे मावशीचे यजमान, सरकारी दवाखान्यात विचारल्याखेरीज एक पाऊल टाकणार नाहीत. कारण काटकसर असेल किंवा भीती असेल. कारण कोणतेही असो, त्यांच्या त्या हट्टामुळे आम्ही बांबोळीला गेलो.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून आहे. पोर्तुगीज अमदानीत पणजीला सुरू झालेली ती शाळा म्हणजे आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. शेजारचे दंत महाविद्यालय १९८० सालचे. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी आणि तेथून बांबोळी, असा हा प्रवास. मी डिचोलीहून निघून म्हापशाला त्यांना भेटलो. बेळगावला प्राणिशास्त्र शिकतो, म्हणजे अर्धा डॉक्टरच, अशी आमच्या मावशीची समजूत आहे, म्हणून मला बरोबर घेतले होते. बाकावर आमच्या आजूबाजूला सगळा उत्तर गोवा बसलेला. सत्तरीची माणसे, बार्देशची माणसे, शिवाय दोडामार्ग-सावंतवाडीकडचीही. निम्म्यांच्या तोंडाला बँडेज. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडलेली तरणीताठी पोरे. हेल्मेट बहुधा आरशाला अडकवलेले असावे!

आत तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दात मोजले, बाजूने एक्स-रे काढून घेतला, पूर्वीची कागदपत्रे पाहिली आणि अगदी सहज विचारावे तसे मावशीला विचारले, "ही झोपेत घोरते का?"

वाचकहो, लग्नाच्या मुलीच्या आईला विचारायचा हा प्रश्न आहे का? मावशी ताठ बसली. "ना हां डॉक्टर, आमचें चेडूं घोरना," असे तिने ठासून सांगितले. डॉक्टरीणबाई लिहायला खाली वाकल्या. तेवढ्यात बायताई म्हणाली, "घोरते, डॉक्टर. आईला सांगायला लाज वाटते. आणि सकाळी उठले की डोके जड असते."

मावशीने तिच्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. पण बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे त्या जे बोलल्या त्यातले पुष्कळसे मला तेव्हा समजले, उरलेले बेळगावला परतल्यावर ग्रंथालयात बसून वाचले. ते येथे सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नसते आणि घोरणे ही केवळ थट्टेची गोष्ट आहे असे सर्वांना वाटते. (माझ्या खोलीतला गोकाकचा मित्र घोरतो. त्याच्या कन्नडमध्ये ह्याला 'गोरके' म्हणतात. घोरणे आणि गोरके! दोन्ही भाषांनी कान लावून एकच आवाज ऐकला आहे.)

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक कवटी आहे. तिचा खालचा जबडा तारेने अडकवलेला आहे. हनुवटीच्या आतल्या बाजूला, अगदी मध्यावर, बोट फिरवले तर बारीक खडबडीत उंचवटे लागतात. परीक्षेत त्यांना एखादा गुण असतो, म्हणून आपण त्यांचे नाव पाठ करतो आणि विसरतो. जिभेचा मुख्य स्नायू ह्या उंचवट्यांना बांधलेला असतो. जिभेखाली कंठिकास्थी नावाचे घोड्याच्या नालासारखे एक छोटे हाड आहे. ते दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेले नाही, केवळ स्नायूंवर आणि बंधांवर टांगलेले आहे. आणि त्यातलेही काही स्नायू ह्याच हनुवटीपाशी येऊन पोचतात. म्हणजे हनुवटी ही खुंटी आहे. गोठ्यात खुंटीला दावे बांधतात तशी जीभ तिला बांधलेली आहे. खुंटी मागे सरकवली की दावे सैल पडते आणि जीभ मागे घशाकडे जाते.

मागे जाऊन बिघडले कुठे? तर जिभेच्या मागेच श्वासाची वाट आहे. वर नाकाच्या पोकळीला हाडाच्या भिंती आहेत, खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घसा तेवढा नुसत्या मांसाचा, मऊ. कुळागरात पाणी सोडायला प्लॅस्टिकची पातळ नळी असते ना, तिचे एक टोक तोंडात धरून ओढून पाहा. ती चपटी होऊन चिकटते. घशाचेही तसेच व्हायचे. पण जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की स्नायू सैलावतात. वाट मुळातच रुंद असेल तर सैलावूनही पुरते. अरुंद असेल तर टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ फडफडू लागते, ते घोरणे. आणखी अरुंद झाली तर वाट मिटते. माणूस श्वास घ्यायला धडपडतो, छाती हलते, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद किंवा अधिक वेळ असे झाले तर डॉक्टर त्याला श्वास अडकल्याची एक नोंद धरतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, एक मोठा घोरका येतो, वाट उघडते, पुन्हा झोप. माणसाला सकाळी ह्यातले काही आठवत नाही. आठवते एवढेच की झोप होऊनही झाली नाही. तासाला अशा पाचाहून कमी नोंदी चालतात. पाच ते पंधरा सौम्य, तीसच्या वर गेल्या तर तीव्र. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, गाडी चालवताना डुलकी लागते.

एन.सी.सी.च्या शिबिरात बेशुद्ध माणसाचे डोके मागे करून हनुवटी वर उचलायला शिकवतात. आम्ही ते कवायतीसारखे घोकले. का, ते कोणी विचारले नाही. हनुवटी उचलली की जीभ पुढे येते आणि श्वासाची वाट मोकळी होते, एवढेच त्याचे इंगित. बांबोळीच्या त्या बाकावरच्या पोरांचीही तीच कथा. हनुवटी दोन्ही बाजूंनी मोडून मधला तुकडा सुटला तर जिभेचा आधारच जातो, आणि अशा जखमीला उताणे निजवले तर तो रक्ताने नव्हे, स्वतःच्या जिभेने गुदमरू शकतो. काही मुले अगदी लहान जबडा घेऊन जन्मतात. पॅरिसच्या पिएर रोबँ ह्यांनी १९२३ साली अशा मुलांविषयी लिहिले आणि त्या विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्या बाळांना पालथे निजवले तर बऱ्याच वेळा श्वास सुधारतो. कारण तेच: जीभ पुढे पडते.

येथे भौतिकशास्त्राच्या मित्रांसाठी एक गोष्ट. सरळ नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा प्वाझॉयचा नियम. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळा पट. घसा काही सरळ काचेची नळी नव्हे, तेव्हा हिशेब तंतोतंत लागू पडणार नाही. पण दोन-तीन मिलिमीटरला डॉक्टर एवढे का घाबरतात ते त्यावरून कळते.

खालच्या जबड्यावरील शस्त्रक्रिया जुनी आहे. अमेरिकेतील व्हीलिंग गावच्या सायमन हलिहेन ह्यांनी १८४९ साली भाजल्यामुळे जबडा विरूप झालेल्या एका तरुणीवर ती केली. परंतु आज जी पद्धत सर्वत्र चालते ती ह्यूगो ओब्वेगेसर ह्यांची. ट्राउनर ह्यांच्यासह ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. तोंडाच्या आतूनच काप घ्यायचा, म्हणजे चेहऱ्यावर व्रण नाही. दाढांच्या मागे जबड्याचे हाड जाडीत उभे चिरायचे, फळी चिरून दोन पातळ फळ्या कराव्या तसे. मग दात असलेला पुढचा भाग, काड्यापेटीचा आतला खण सरकवावा तसा, मागे किंवा पुढे सरकवायचा आणि टिटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू लावून पक्का करायचा. वाचताना सोपे वाटते. त्या हाडाच्या आतून खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जाते, ही त्यातली मेख.

गंमत अशी की ही विद्या इतकी पुढे गेली, तरी रुग्ण रात्री कसा झोपतो ते बराच काळ कोणी विचारले नाही. दात जुळले, चेहरा सुधारला, रुग्ण खूष, डॉक्टर खूष. आणि विचारणार तरी कसे? झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार प्रयोगशाळेत नीट नोंदला गेला तोच मुळी १९६५ साली, फ्रान्समध्ये आणि जर्मनीत. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये उभ्या उभ्या झोपणारा लठ्ठ जो आहे, आपल्याकडे कुंभकर्ण आहे. साहित्याला हा आजार ठाऊक होता, वैद्यकाने उशीर केला. शेवटी १९८७ साली स्टॅनफर्डच्या रायली, पॉवेल आणि गिलेमिनो ह्यांनी लिहिले की पुढे आलेला जबडा मागे घेतल्यानंतर काही रुग्णांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार जडला. त्यानंतर पुष्कळांनी एक्स-रे काढून, पुढे स्कॅन काढून मोजमापे केली. जबडा मागे नेला की जीभ मागे जाते, कंठिकास्थी खाली उतरते, जिभेमागची वाट अरुंद होते; ह्यावर आता मोठा मतभेद नाही.

पण शरीर स्वस्थ बसत नाही, आणि मला सर्वांत नवल वाटले ते ह्याचे. जीभ मागे ढकलली गेली तर कंठिकास्थी खाली उतरून तिला जागा करून देते. माणूस नकळत मान किंचित वर, डोके जरा मागे धरू लागतो. म्हणजे शिबिरात शिकवलेली हनुवटी उचलण्याची क्रिया त्याचे शरीर आपण होऊन करते! काही महिन्यांनी गेलेली जागा थोडीफार भरूनही येते. त्यामुळे तरुण, सडपातळ माणसाला बहुधा काही त्रास होत नाही. मात्र जो आधीच घोरतो, ज्याची मान जाड आहे, ज्याचा जबडा खूप मागे न्यायचा आहे, त्याने सांभाळावे. बायताई सडपातळ आहे. पण नऊ मिलिमीटर थोडे नव्हेत, आणि ती आधीच घोरत होती.

बाईंनी तिला रात्रीच्या तपासणीचे एक छोटे यंत्र दिले. बोटाला चिमटा, नाकापाशी नळी, छातीला पट्टा. घरी ते बांधून ती झोपली तेव्हा मावशीने खिडक्या लावून घेतल्या होत्या, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. तासाला आठ नोंदी निघाल्या. सौम्य, पण आहे. आणि मग बाईंनी एक्स-रे उजेडावर धरून जे दाखवले त्याने सारे चित्रच पालटले. आम्ही सगळे आयुष्यभर तिचा खालचा जबडा पाहत होतो. बाई म्हणाल्या, "खालचा थोडा लांब आहे, खरे. पण वरचा मागे राहिला आहे, तो कोणी पाहिला नाही." वरचा जबडा मागे म्हणून टाळू मागे, म्हणून टाळूमागची जागा आधीच तोकडी, घोरण्याचे कारण तेथे होते. खालचा नऊ मिलिमीटर मागे नेला असता तर वर तोकडी असलेली वाट खालीही तोकडी झाली असती. त्यांचा बेत वेगळा: वरचा पाच मिलिमीटर पुढे, खालचा चारच मागे. बेरीज तीच नऊ. दात तसेच जुळणार. पण टाळू पुढे आली की वरची वाट रुंदावते आणि खालचे नुकसान पुष्कळसे भरून निघते.

वरच्या जबड्याचा काप ज्या रेषेवर घेतात तिला ल फोर्ट ह्या फ्रेंच शल्यवैद्याचे नाव आहे. त्याने १९०१ साली मृतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात ते शोधले. मोडण्याच्या रेषा, पुढे घडवण्याच्या कामी आल्या. असो.

घरी मात्र वादळ. एकाच्या जागी दोन जबडे कापायचे? मावशीला ते मान्य नव्हते. संगणकावरचे ते चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. शिवाय वरचा जबडा पुढे आणला की नाकाच्या पाळ्या जराशा रुंदावतात आणि शेंडा किंचित वर उचलला जातो, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले होते. "नाक चांगले आहे तेवढे तरी राहू दे," मावशी म्हणे. काका म्हणत, काहीच करू नका, देवाने दिले ते बरे आहे. आजूबाजूच्या बायका म्हणत, दृष्ट काढा. मला विचारले तेव्हा मी नाकापेक्षा मोती जड अशी एक म्हण टाकून दिली. ती कोणाला फारशी आवडली नाही. आठ दिवस ते घर धुमसत होते. शेवटी बायताई एका संध्याकाळी भजनाहून आली आणि सोप्यावर बसून म्हणाली, "मला गाताना श्वास पुरतो. निजल्यावर पुरत नाही. जो पाहायला येईल तो मला जागेपणी पाहील, पण निजायचे मला आहे." मावशी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनेच बांबोळीला फोन लावला.

पुढचे वर्ष-सव्वा वर्ष दातांना तारा. हे पुष्कळांना ठाऊक नसते. शस्त्रक्रियेआधी दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे करावे लागतात, आणि त्या काळात चेहरा पूर्वीपेक्षा अधिकच वाईट दिसतो, कारण शरीराने दात वाकवून केलेली झाकापाक तारा काढून टाकतात. शाळेतली पोरे तिला 'तारवाली बाई' म्हणत. ती त्यांना तारेचा 'त' शिकवी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भुलीची नळी नाकातून घातली, कारण तोंडात तर काम करायचे. बाहेर काका येरझारा घालत होते, मावशी भगवतीचे नाव घेत होती, मी वाचलेले सगळे विसरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. पूर्वी जबडे जुळल्यावर दात तारांनी सहा आठवडे घट्ट बांधून ठेवीत आणि रुग्णाच्या उशाशी तारा तोडायची कात्री टांगलेली असे. उलटी झाली किंवा श्वास कोंडला तर चटकन तारा तोडायला. आता पट्ट्या व स्क्रू आल्याने ते गेले, नुसती रबरे लावतात. तरी पहिली रात्र जिकिरीची. सूज येते, नाक रक्ताने चोंदते, तोंड रबरांनी बांधलेले. बायताईला बिछान्यात अर्धी बसती ठेवली होती आणि परिचारिका घटकाघटकाला बोटावरच्या चिमट्याचा आकडा पाहून जात होती. सत्त्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. त्या रात्री मावशीने जप सोडून आकडेच मोजले.

मग सहा आठवडे पातळ अन्न. ह्या बाबतीत मात्र गोव्याच्या माणसाचे बरे असते, पेज आहेच. पेजेची निवळ, मग घोटलेली पेज, सोलकढी, नाचणीची आंबील, शहाळ्याचे पाणी, तोणाक करून गाळलेला रस. माशाचे हुमण नुसते प्यायचे आणि सुंगटे समोर दुसऱ्यांनी खायची, ह्याचे तिला जे दुःख झाले ते शस्त्रक्रियेचेही झाले नसेल. वजन पाच किलो उतरले. चेहरा महिनाभर भोपळ्यासारखा. गावातल्या एका बाईने भेटायला येऊन स्पष्ट सांगितले, "पूर्वीच बरी होतीस." खालचा ओठ बधिर, पेज हनुवटीवर ओघळली तरी कळत नसे. डाव्या बाजूचे चार महिन्यांत परत आले. उजव्या बाजूला थोडी बधिरता अजून आहे. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते, सहीही घेतली होती. पण सही करताना ओठ बधिर म्हणजे काय ते कळत नाही, असे ती म्हणते.

सहा महिन्यांनी ते यंत्र पुन्हा बांधून पाहिले. तासाला तीन. ह्या वेळी खिडक्या उघड्या होत्या. बाईंनी बजावले आहे की हा आकडा कायमचा नव्हे. वजन वाढले, वय वाढले, तर पुन्हा तपासायचा. 'ससा' आता ससाच ऐकू येतो. नाक जरा रुंद झाले आहे. मावशीला दिसते, इतरांना सांगितल्यावर दिसते. लग्नाचे विचाराल तर स्थळे येताहेत, जाताहेत. तिला घाई नाही.

तेथे वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली. हेच काम डॉक्टर उलटेही करतात. ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास आहे त्यांचे दोन्ही जबडे दहा-एक मिलिमीटर पुढे आणले तर खुंटी पुढे जाते, दावे ताणले जाते आणि वाट उघडते. अर्थात पहिला उपाय तो नव्हे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन ह्यांनी १९८१ साली नाकावाटे हवेचा मंद दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र दाखवून दिले. आज बहुतेकांना आधी तेच देतात.

हे मी मुद्दाम काकांसमोर वाचून दाखवले. काका अंगाने भारी, मान आखूड, हनुवटी आत गेलेली. दुपारी जेवून सोप्यावर आडवे झाले की त्यांचा आवाज पाणंदीपर्यंत जातो. मध्येच थांबतो, सगळे घर थांबते, आणि मग एकदम फुटतो. लहानपणी आम्ही भावंडे त्या थांबण्याचे आकडे मोजत असू. वीसपर्यंत जात असत. बायताईने यंत्र परत करण्याआधी एक रात्र त्यांनी ते बांधावे म्हणून पुष्कळ विनवले. बांबोळीच्या बाईंनीही चिठ्ठी लिहून दिली आहे. ती चिठ्ठी गणपतीच्या माटोळीखालच्या फळीवर पंचांगात ठेवली आहे. काका म्हणतात, चतुर्थी होऊ दे, मग पाहू.